परीक्षानळीतलं ‘होऊ शकतं’ आणि पेशीतलं ‘होतं’

युबिक्विटिनवरचा शोधनिबंध हाती आला की आपण आधी निष्कर्ष वाचतो. मला वाटतं, त्याआधी ‘साहित्य आणि पद्धती’ या भागातली एक ओळ शोधायला हवी: प्रयोगात ई२ कोणतं घातलं होतं? या ओळीकडे वाचक आणि परीक्षक दोघंही सहसा काणाडोळा करतात. निष्कर्ष किती दूरपर्यंत खरा मानायचा, हे मात्र पुष्कळदा तीच ठरवते.

युबिक्विटिन हे ७६ अमिनो आम्लांचं छोटं प्रथिन. ते दुसऱ्या प्रथिनाला जोडलं गेलं की त्या प्रथिनाचं पुढचं आयुष्य बदलतं. कधी ते प्रोटिएसोममध्ये जाऊन नष्ट होतं, कधी पेशीत जागा बदलतं, कधी एखाद्या संदेशवहनाचा भाग होतं. जोडणी तीन टप्प्यांत होते. ई१ एटीपी खर्चून युबिक्विटिनला सक्रिय करतं आणि ई२ च्या स्वाधीन करतं. ई२ ते आपल्या एका सिस्टीनवर थायोएस्टर बंधाने धरून ठेवतं. ई३ लक्ष्य प्रथिनाला ओळखून दोघांची गाठ घालून देतं. माणसात ई१ दोन, ई२ सुमारे चाळीस आणि ई३ सहाशेहून अधिक. लक्ष्य निवडण्याचा मान ई३ चा असल्यामुळे संशोधकांचं लक्षही तिकडेच गेलं, आणि मधल्या ई२ ला फार काळ नुसता हमाल समजलं गेलं. जिवाणूंत तयार केलेल्या शुद्ध मानवी ई२ एन्झाइमांनी हा समज मोडला. त्याच एन्झाइमांच्या सोयीने काही नवे गैरसमजही रुजवले.

गोष्ट सुरू होते ऊर्जेच्या कोड्यापासून. प्रथिन मोडताना ऊर्जा सुटायला हवी. पण यकृताच्या कापांमध्ये प्रथिनं मोडायला ऊर्जा लागते, असं मेल्विन सिम्पसन यांनी १९५३ मध्येच दाखवलं होतं. असं का, याचं उत्तर पंचवीस वर्षं मिळालं नाही. हैफाच्या टेक्निऑनमधले अव्राम हर्श्को आणि आरोन सिकॅनोव्हर, आणि फिलाडेल्फियाच्या फॉक्स चेस कॅन्सर सेंटरमधले अर्विन रोझ यांनी सशाच्या अपरिपक्व तांबड्या पेशींचा अर्क घेऊन ते सोडवलं. १९८० मध्ये पीएनएएसमध्ये आलेल्या त्यांच्या निबंधांतून एक कल्पना पुढे आली: नष्ट व्हायच्या प्रथिनाला आधी एक छोटं प्रथिन सहसंयुज बंधाने चिकटतं. हे छोटं प्रथिन म्हणजे गिडियन गोल्डस्टीन यांनी १९७५ मध्ये वेगळं केलेलं युबिक्विटिनच, हेही त्याच वर्षी स्पष्ट झालं. १९८३ मध्ये हर्श्को आणि सहकाऱ्यांनी युबिक्विटिन बसवलेल्या कॉलमवरून अर्क सोडून तीन घटक वेगळे केले. त्यांतला एक घटक थायोएस्टर तोडणारं डीटीटी ओतल्यावर सुटून आला. तो ई२. रसायनशास्त्राचं २००४ चं नोबेल या कामाला मिळालं.

ई२ च्या इतिहासात मला सर्वांत मोलाचा वाटणारा निबंध १९८५ चा आहे, आणि त्याची आठवण फारशी निघत नाही. सेसिल पिकार्ट आणि रोझ यांनी तांबड्या पेशींच्या त्याच अर्कात ई२ ची पाच वेगवेगळी रूपं दाखवली. ई३ वर अवलंबून असलेल्या जोडणीत त्यांतलं सर्वांत लहान रूप तेवढं काम करत होतं. म्हणजे सगळे ई२ सारखे नाहीत, हे जनुकं हाती येण्याआधीच दिसलं होतं. दोनच वर्षांनी श्टेफान येन्च, मॅग्राथ आणि अलेक्झांडर वार्शाव्स्की यांनी यीस्टमधलं डीएनए-दुरुस्तीचं आरएडी६ जनुक ई२ बनवतं, असं दाखवलं. १९८८ मध्ये पेशीचक्राचं सीडीसी३४ जनुकही त्याच कुळातलं निघालं. दुरुस्ती आणि विभाजन ही इतकी वेगळी कामं दोन वेगवेगळे ई२ करत असतील, तर त्यांना नुसतं ओझं वाहणारे म्हणणं तेव्हाच थांबायला हवं होतं.

जनुकं हाती आल्यावर रिकॉम्बिनंट ई२ चा काळ सुरू झाला. बहुतेक ई२ चा गाभा सुमारे दीडशे अमिनो आम्लांचा, घट्ट घडीचा, पाण्यात सहज विरघळणारा असतो. प्रथिनशुद्धीच्या कामात नशिबाने मिळावा असाच हा रेणू. मानवी जनुक प्लाझ्मिडमध्ये बसवायचं, ते ई. कोलायच्या बीएल२१ वाणात घालायचं, वाढत्या कल्चरला आयपीटीजी द्यायचं, तापमान उतरवून रात्रभर ठेवायचं. दुसऱ्या दिवशी पेशी फोडून हिस्टिडिन टॅगच्या आधाराने निकेल कॉलमवर प्रथिन पकडायचं, टॅग कापायचा आणि जेल फिल्ट्रेशनने उरलेली घाण काढायची. एक लिटर कल्चरमधून कित्येक मिलिग्रॅम एन्झाइम मिळतं. डीटीटी किंवा टीसीईपी घातलेल्या बफरमध्ये, थोड्या ग्लिसरॉलसह लहान कुप्यांत भरून ते उणे ८० अंशांवर ठेवलं की महिनोन्‌महिने टिकतं. पुन्हापुन्हा वितळवणं आणि गोठवणं मात्र टाळावं लागतं.

ई. कोलाय निवडण्यामागे स्वस्ताईपेक्षा मोठं कारण आहे. या जिवाणूत युबिक्विटिनची यंत्रणाच नाही. त्यामुळे तिथून आलेल्या मानवी ई२ सोबत दुसरा एखादा ई२, ई३ किंवा युबिक्विटिन काढून टाकणारं एन्झाइम लपून येण्याची भीती राहत नाही. सशाच्या अर्कात सगळं एकत्र असायचं आणि कोणी काय केलं ते ठरवणं अवघड जायचं. जिवाणूतल्या एन्झाइमांनी प्रयोगाला प्रथमच असं रूप दिलं की नळीत काय काय आहे याची पूर्ण यादी देता येते. ई१, ई२, ई३, युबिक्विटिन, मॅग्नेशियम आणि एटीपी, बस्स. या शास्त्रातली बरीचशी निश्चितता या स्वच्छतेवर उभी आहे.

तिची किंमतही असते. जिवाणू मानवी प्रथिनावर फॉस्फेट चढवत नाही, त्यामुळे पेशीत फॉस्फोरिलेशनने बदलणारं ई२ नळीत एकाच अवस्थेत येतं. टॅगचा प्रश्न याहून नाजूक आहे. ई२ च्या सुरुवातीची हेलिक्स आणि तिच्या जवळचे लूप हीच ई१ ला आणि ई३ ला भेटण्याची जागा. दोघांच्या बसण्याच्या जागा एकमेकींवर येतात, म्हणून ई१ सोडल्याशिवाय ई२ ला ई३ कडे जाता येत नाही, आणि ई३ ला धरून असताना पुन्हा युबिक्विटिन भरून घेता येत नाही. अशा मोक्याच्या टोकाला जीएसटीसारखा मोठा टॅग ठेवून दिला आणि क्रिया मंद दिसली, तर तो दोष एन्झाइमचा की टॅगचा, हे सांगता येत नाही. टॅग कापून पुन्हा मोजल्याशिवाय असा आकडा छापू नये.

एन्झाइम जिवंत आहे की नाही हे पाहण्याची चाचणी साधी आणि देखणी आहे. ई१, ई२, युबिक्विटिन आणि एटीपी थोडा वेळ एकत्र ठेवायचे आणि नमुन्याचे दोन भाग करून जेलवर चालवायचे, एक क्षपणकारकाशिवाय आणि एक डीटीटी घालून. पहिल्यात ई२ चा बँड सुमारे साडेआठ किलोडाल्टनने वर सरकलेला दिसतो, दुसऱ्यात तो परत खाली येतो. वर सरकलेला बँड डीटीटीनंतरही तिथेच राहिला, तर ई२ ने युबिक्विटिन सिस्टीनऐवजी स्वतःच्याच लायसीनवर चढवून घेतलं आहे असं समजायचं. विकत घेतलेल्या प्रत्येक कुपीची ही चाचणी नव्या विद्यार्थ्याने स्वतः करावी. एका संध्याकाळी होणारं हे काम पुढचे कित्येक महिने वाचवतं.

आता मूळ प्रश्नाकडे. यूबीसीएच५, म्हणजे आजच्या नावाने यूबीई२डी कुटुंब, हे १९९४ मध्ये शेफनर, हाउब्रेग्टसे आणि हाउली यांच्या कामातून पुढे आलं. मानवी पॅपिलोमा विषाणूच्या ई६ प्रथिनामुळे पी५३ कसं नष्ट होतं, याचा शोध ते घेत होते. ई६-एपी या ई३ ला साथ देणारं ई२ त्यांना हवं होतं आणि ते मिळालं. मग दिसलं की हे कुटुंब जवळपास कुठल्याही ई३ सोबत नळीत काम करतं. नवा ई३ सापडला की यूबीसीएच५ घालून पाहायचं, जेलवर युबिक्विटिनची शिडी उमटली की ई३ सक्रिय. ही रीत इतकी रुळली की आज प्रयोगशाळेत ‘ई२’ म्हटलं की गृहीत धरलं जातं ते हेच.

ई३ सक्रिय आहे की नाही एवढाच प्रश्न असेल, तर ही रीत ठीक आहे. पण निबंधांत त्याच शिडीवरून पुढची विधानं येतात: हा ई३ अमुक प्रकारची साखळी बनवतो, या दोघांची जोडी आहे, पेशीत असंच घडतं. इथे माझा ठाम विरोध आहे. युबिक्विटिनवर सात लायसीन आहेत, आणि पुढचं युबिक्विटिन यांतल्या कुठल्याही लायसीनवर किंवा रेणूच्या सुरुवातीच्या टोकावर चढू शकतं. लायसीन ४८ मधून गुंफलेली साखळी बहुधा प्रोटिएसोमकडे नेते, लायसीन ६३ ची साखळी संदेशवहनात आणि डीएनए-दुरुस्तीत लागते. यूबीसीएच५ हे लायसीन ११, ४८, ६३ असे अनेक दुवे एकाच वेळी तयार करतं. तेव्हा जेलवर दिसणारी साखळी ई३ ची सही म्हणून वाचणं चुकीचं आहे. रिंग जातीचे ई३ युबिक्विटिन स्वतःवर घेत नाहीत, ते ई२ कडून थेट लक्ष्यावर जातं; त्यांच्या बाबतीत तर दुवा कुठला, हे बहुतांशी ई२ च ठरवतं.

याचा सर्वांत स्वच्छ पुरावा यूबीई२एन आणि त्याच्या जोडीदाराचा. यीस्टमधली ही जोडी यूबीसी१३ आणि एमएमएस२. १९९९ मध्ये हॉफमन आणि पिकार्ट यांनी दाखवलं की ती फक्त लायसीन ६३ च्या साखळ्या बनवते. एमएमएस२ दिसायला ई२ सारखंच, पण त्याला सक्रिय सिस्टीनच नाही. त्याचं काम दुसऱ्या युबिक्विटिनला अशा कोनात धरणं की त्याचं त्रेसष्टावं लायसीनच समोर यावं. पुढच्या वर्षी झिजियन चेन यांच्या गटाने मानवी जोडी टीआरएएफ६ या ई३ सोबत दाहाच्या संदेशवहनात याच साखळ्यांमधून काम करते, हे दाखवलं. युबिक्विटिन म्हणजे मरणाची चिठ्ठी, हा समज त्या कामाने कायमचा गेला.

यूबीई२एस ची कथा वेगळी. पेशीविभाजनाच्या शेवटी एपीसी/सी या प्रचंड ई३ सोबत ते लायसीन ११ च्या साखळ्या वाढवतं. या साखळ्या अभ्यासासाठी पुरेशा प्रमाणात मिळत नव्हत्या, कारण नळीत यूबीई२एस आपल्या लायसीनांनी भरलेल्या शेपटीवरच युबिक्विटिन चढवत बसतं. डेव्हिड कोमांडर यांच्या गटाने २०१० मध्ये ती शेपटी काढली आणि तिच्या जागी युबिक्विटिनला धरणारा दुसऱ्या प्रथिनाचा तुकडा जोडला. मग साखळ्या भरपूर मिळू लागल्या. निसर्गाने दिलेलं एन्झाइम अभ्यासायचं, की त्याला मोडून हवं ते उपकरण घडवायचं, हे दोन्ही मार्ग रिकॉम्बिनंट ई२ मुळे खुले झाले.

यूबीसीएच७, म्हणजे यूबीई२एल३, हे प्रकरण मी विद्यार्थ्यांना आवर्जून वाचायला सांगतो. १९९९ आणि २००० मध्ये निकोला पाव्लेटिच यांच्या गटाने या ई२ च्या दोन स्फटिकरचना दिल्या, एक ई६-एपी सोबत आणि एक सी-सीबीएल सोबत. सी-सीबीएल हे रिंग जातीचं ई३. चित्रात दोघांची छान मिठी दिसते, आणि रिंगचं काम कसं चालतं याचं ते पाठ्यपुस्तकी उदाहरण ठरलं. पण यूबीसीएच७ रिंग ई३ सोबत काम करताना जवळजवळ दिसतच नव्हतं. बीआरसीए१ हे रिंग ई३ त्याला बांधतं, क्रिया मात्र होत नाही, हे रेचल क्लेव्हिट यांच्या सिअॅटलमधल्या गटाने दाखवलं होतं. २०११ मध्ये वेन्झेल, क्लेव्हिट आणि सहकाऱ्यांनी मुळाशी जाऊन एक सोपा प्रश्न विचारला: ई३ शिवाय हे ई२ आपलं युबिक्विटिन कोणाला देतं? भरलेल्या ई२ समोर मोकळं लायसीन ठेवलं. यूबीसीएच५ ने त्याला युबिक्विटिन दिलं, यूबीसीएच७ ने ढुंकूनही पाहिलं नाही. सिस्टीन ठेवलं, तेव्हा दोघांनीही युबिक्विटिन दिलं. यूबीसीएच७ च्या सक्रिय जागेजवळची दोन अमिनो आम्लं यूबीसीएच५ प्रमाणे बदलली, तर त्यालाही लायसीनवर जोडणी जमू लागली.

म्हणजे हे ई२ फक्त अशाच ई३ सोबत चालतं, ज्याचं स्वतःचं सिस्टीन मध्ये युबिक्विटिन घेतं. एचईसीटी जातीचे ई३ तसेच असतात, हे माहीत होतं. धक्का बसला तो पुढे: पार्किनसारखे ‘रिंग-बिट्वीन-रिंग’ जातीचे ई३ यूबीसीएच७ सोबत काम करतात, म्हणजे त्यांच्याही पोटात तसं सिस्टीन असलंच पाहिजे. ते सापडलं. तरुण वयातल्या पार्किन्सन्सशी नातं असलेलं हे ई३ एका दशकाहून अधिक काळ चुकीच्या वर्गात टाकलेलं होतं, आणि ते दुरुस्त केलं एका ई२ च्या रासायनिक आवडीनिवडी तपासणाऱ्या प्रयोगाने. स्फटिकात मिठी दिसली म्हणून क्रिया होते असं नाही, हा धडा इतक्या स्पष्टपणे दुसरीकडे कुठे मिळत नाही.

बीआरसीए१ बाबतही क्लेव्हिट यांच्या गटाने २००७ मध्ये ई२ ची मोठी यादी तपासली. काही ई२ फक्त एकच युबिक्विटिन लावत होते, काही आधीच लागलेल्या युबिक्विटिनवर साखळी वाढवत होते. एकच ई३, पण साथीदार बदलला की फळ बदललं. ‘सुरुवात करणारा’ आणि ‘वाढवणारा’ अशा दोन ई२ ची ही कल्पना आज अनेक ई३ ना लागू पडते.

बदललेल्या ई२ नी दिलेलं ज्ञान थोडक्यात सांगायला हवं. थायोएस्टर बंध क्षणभंगुर असल्यामुळे भरलेल्या ई२ ची रचना पाहणं अवघड होतं. सक्रिय सिस्टीनच्या जागी सेरिन किंवा लायसीन बसवलं की युबिक्विटिन टिकाऊ बंधाने चिकटून राहतं. २०१२ मध्ये अशाच युक्त्या वापरून रॉन हे, डॅनी हुआंग आणि क्लेव्हिट यांच्या गटांनी स्वतंत्रपणे एकच चित्र दिलं: रिंग ई३ युबिक्विटिनला ई२ वर घट्ट दुमडून बसवतं आणि त्यामुळे बंध सुटायला तयार होतो. यूबीसीएच५ च्या पाठीवरही दुसरं युबिक्विटिन येऊन बसतं, आणि बाविसाव्या सेरिनच्या जागी आर्जिनिन घातलं की ते बसेनासं होतं. रचना पाहणारे लोक हा बदल नेहमी करतात. साखळ्या कशा वाढतात ते पाहायचं असेल, तर मात्र तो बदल न केलेलं एन्झाइम घ्यावं लागतं, आणि कुपीवरचं लेबल नीट वाचलं नाही तर तिथेच फसगत होते.

मग पेशीत खरोखर कोणतं ई२ काम करतं, हे कसं कळायचं? ई२ एकमेकांची जागा घेतात. यूबीई२डी कुटुंबातले चार जण इतके सारखे आहेत की एकाला काढून फरक दिसला नाही, तर त्यावरून काही म्हणता येत नाही. म्हणून २०१८ चं यूबीई२जी१ वरचं काम मला आदर्श वाटतं. लेनालिडोमाइडसारखी औषधं सेरेब्लॉन नावाच्या ई३ भागाला नवी लक्ष्यं पकडायला लावतात. यूबीई२जी१ काढून टाकलेल्या पेशींवर या औषधांचा परिणाम ओसरला. मग शुद्ध एन्झाइमं नळीत एकत्र केल्यावर दिसलं की यूबीई२डी३ पहिलं युबिक्विटिन लावतं आणि यूबीई२जी१ त्यावर लायसीन ४८ ची साखळी वाढवतं. पेशीने नाव सांगितलं, नळीने पद्धत. दोघांपैकी एकाच्याच साक्षीवर हा निकाल लागला नसता. यूबीई२डी३ ला नळीत एकट्याने शिडी उभारताना पाहून तिथेच थांबलेल्या माणसाला यूबीई२जी१ कधीच भेटलं नसतं.

आजारांशी या एन्झाइमांचं नातं अगदी थेट आहे. यूबीई२टी मधल्या दोषातून फॅन्कोनी अॅनिमिया, यूबीई२ए मधल्या दोषातून मुलग्यांमधलं बौद्धिक अपंगत्व. रोगजंतूंनाही ई२ चं महत्त्व कळलं आहे: शिगेलाचं ओएसपीआय यूबीई२एन च्या एका ग्लुटामिनचं ग्लुटामेट करून दाहाचा संदेश दाबतं, आणि लिजिओनेलाचं मॅव्हसी त्याच यूबीई२एन वर भलत्याच रसायनाने युबिक्विटिन डकवून त्याला निकामी करतं.

औषधांच्या बाबतीत ई२ अजून मागे आहे. प्रोटिएसोम रोखणारं बोर्टेझोमिब २००३ मध्ये मल्टिपल मायलोमासाठी अमेरिकेत मान्य झालं, ई१ रोखणारे रेणूही माणसांवर तपासले गेले. ई२ ची सक्रिय जागा उथळ आहे, औषधाच्या रेणूला धरून बसायला तिथे खोबण नाही. सिस्टीनवर चिकटणारे काही रेणू यूबीई२एन रोखतात, पण सिस्टीन बहुतेक प्रथिनांत असतं, त्यामुळे त्यांच्या नेमकेपणाबद्दल मी साशंक आहे. सीसी०६५१ हा मात्र वेगळा. २०११ मध्ये आलेला हा रेणू मानवी सीडीसी३४ च्या सक्रिय जागेपासून दूर बसतो आणि ई२ व युबिक्विटिन यांच्यामधली एरवी सैल असलेली पकड घट्ट करून काम अडवतो. शुद्ध रिकॉम्बिनंट एन्झाइम हाताशी नसतं, तर ही यंत्रणा उलगडलीच नसती.

आपल्याकडच्या प्रयोगशाळांसाठी एक गोष्ट मनापासून सांगावीशी वाटते. ही एन्झाइमं मायक्रोग्रॅमच्या कुप्यांत, कोरड्या बर्फात विकत मिळतात, आणि पुष्कळ प्रकल्प त्या एका कुपीच्या काटकसरीत अडकतात. एकच ई२ घेतलं जातं, अर्थातच यूबीसीएच५, आणि तुलना राहून जाते. अॅडजीनसारख्या ना-नफा संस्थांकडून ई२ ची प्लाझ्मिडं मिळतात. पुण्यातल्या किंवा खारघरमधल्या एखाद्या पीएचडीच्या विद्यार्थ्याने महिनाभर बसून आठदहा ई२ स्वतः शुद्ध केले, तर लॅबला वर्षानुवर्षं पुरेल इतका साठा होतो. आणि एन्झाइम आपल्या हाताने बनवलेलं असलं की त्याचा टॅग, त्याची शुद्धता आणि त्याचे दोष ठाऊक असतात.

राहिलेली कामं मोठ्या ई२ कडे आहेत. बीआयआरसी६ हे पाचशेहून अधिक किलोडाल्टनचं, ई२ आणि ई३ एकाच देहात बाळगणारं प्रथिन. असलं काही ई. कोलायमध्ये बनत नाही, त्यासाठी कीटकांच्या किंवा सस्तनांच्या पेशी लागतात. २०२३ मध्ये सायन्समध्ये त्याच्या रचनेचे तीन निबंध एकाच वेळी आले, आणि त्यातून कळलं की ते नेहमीच्या यूबीए१ ऐवजी यूबीए६ या दुसऱ्या ई१ कडून युबिक्विटिन घेतं. यूबीई२झेड बद्दल हेच २००७ पासून ठाऊक आहे. तरीही ई२ च्या चाचण्यांमध्ये ई१ म्हणून जवळजवळ नेहमी यूबीए१ च घातलं जातं, आणि तिथे जे ई२ भरलं जात नाही त्याच्यापुढे ‘निष्क्रिय’ अशी नोंद पडते. या नोंदी यूबीए६ घेऊन नव्याने तपासायला हव्यात. त्यासाठी लागणारी दोन्ही ई१ एन्झाइमं आज शुद्ध स्वरूपात मिळतात.